हात धरण्याआधी तोंड उघडा!

आज सिग्नलला पुन्हा तोच प्रकार. पांढरी काठी घेतलेले एक अंध गृहस्थ कडेला उभे होते. मागून एक जण तरातरा आला, चकार शब्द न बोलता त्यांच्या काठी धरलेल्या हाताचाच दंड धरला आणि ओढत निघाला. दिवा बदलायला लागला तसं त्यांना दुभाजकावर सोडलं आणि स्वतः पळाला. पळाला!

अरे, ते उभे होते म्हणजे अडले होते असं तुला कुणी सांगितलं? ते ऐकत होते. आपल्या बाजूने, आपल्याच दिशेने जाणारी वाहनं सुटली की निघायचं आणि त्या आवाजाच्या रेषेला धरून सरळ चालायचं, हे त्यांचं तंत्र. मध्येच खेचून अंग जरा वळवलंस की ती रेष गेली. दुभाजकावर तर दोन्हीकडून आवाज. तोंड कुठे आहे हेसुद्धा कळायला मार्ग नाही. आणि काठीचा हात कधीच धरायचा नसतो! काठीचं टोक खांद्यांच्या रुंदीएवढं डावी-उजवीकडे फिरतं आणि पुढच्या पावलाची जागा आधी तपासतं. तो हात अडकवला की खड्डा पायालाच सापडतो.

आधी विचारा. "मदत हवी का? कुठे जायचंय?" नको म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा, ते त्याच्या जरा वर धरतील. आपण अर्धं पाऊल पुढे राहायचं, म्हणजे आपलं अंग वळलं, थांबलं, खाली गेलं की त्यांना हातातूनच कळतं. मागून ढकललंत तर पायरीची कड आधी त्यांना लागते, तुम्हाला नाही. पायरीपाशी थांबून वर की खाली ते सांगा, शेवटची आली की तेही सांगा. "इकडे", "तिकडे" बोलून काय उपयोग? "डाव्या हाताला, तीन पावलांवर" असं बोला. आणि निघताना निघतोय म्हणून सांगा, त्यांचा हात भिंतीला नाहीतर कठड्याला लावून द्या. एवढ्याला किती वेळ लागतो हो?

घाई माणसाचं काय करते ते १९७३ सालीच छापून आलंय. डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाटेत विव्हळणारा माणूस बसवला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगून पिटाळलेल्यांपैकी १० टक्के. त्या विद्यार्थ्यांतले काही तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनीच्या, बायबलमधल्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते!

सिग्नल बसवणारेही त्याच घाईतले. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं अनेक ठिकाणी धरतात. १२ मीटरचा रस्ता, १० सेकंद. गुडघे दुखणारी आजी ०.८ मीटरने चालली तर तिला १५ लागतात, आणि उरलेली पाच सेकंद आपण हॉर्न वाजवतो.

फुटपाथवरच्या त्या उठावाच्या पिवळ्या फरश्या शोभेच्या नाहीत, अंधांना पायाने वाट कळावी म्हणून आहेत! लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका. १९६७ साली जपानमध्ये ओकायामाला त्या पहिल्यांदा बसल्या आणि अजूनही लोक नेमक्या त्यांच्यावरच दुचाकी लावतात. चाकाच्या खुर्चीचंही तसंच. न विचारता ढकलायची, बसलेल्याची बोटं चाकात आहेत का हे बघायचंसुद्धा नाही. खुर्चीचा हात टेकायचा दांडा धरून उचलायला जातात, तो बऱ्याचदा निघणारा असतो, हातात येतो. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, मागे मागे न्यायची असते. सरळ सोडली की माणूस पुढे फेकला जातो.

आणि बोलताना अडखळणाऱ्यांची वाक्यं पुरी करणारे! तुम्ही घुसवलेला शब्द चुकला की त्याने आधी तुमची चूक सुधारायची, मग आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. "सावकाश बोल, श्वास घे" हे तर आता बंदच करा. तो बोलतोय तोवर गप्प राहा, त्याच्याकडे बघा, घड्याळाकडे नको.