टोमॅटोला ॲस्पिरिनची 'लस'?

पावसाळा लागला की गच्चीवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपांवर एक निरोप हमखास फिरतो: 'झाडांना स्वतःची प्रतिकारशक्ती नसते. बादलीभर पाण्यात ॲस्पिरिनची गोळी विरघळवून फवारा, लस टोचल्यासारखी ती तयार होते. करपा, केवडा असा रोग पुन्हा येत नाही. निर्धोक आहे, हवी तेवढी मारा.' यात एक धागा खरा आहे, म्हणून तर पंचाईत.

'स्वतःची नसते' हे पार चूक. झाडाच्या अंगात रक्त नाही, गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. पण प्रत्येक पेशी आपापल्या दारावर राखण करते. जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा जेमतेम 22 अमिनो आम्लांचा तुकडा पेशीवरच्या एफएलएस2 नावाच्या ग्राहीला, म्हणजे खूण ओळखणाऱ्या प्रथिनाला, लागला, की मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, मागोमाग पानाची रंध्रं मिटायला लागतात. स्युडोमोनास सिरिंगी हा जिवाणू यावर वस्ताद: तो कोरोनाटिन नावाचं विष सोडून मिटलेली रंध्रं पुन्हा उघडायला लावतो. तरीही आत घुसलेल्या जंतूचं हत्यार आतल्या पहारेकऱ्याने ओळखलं, तर पेशी स्वतःला मारून टाकते आणि जंतूला तिथेच कोंडते. पानावरचा बारीक वाळका ठिपका कधीकधी या लढाईचाच असतो.

आता ॲस्पिरिन. 1979 साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात तंबाखूच्या पानांत ते टोचल्यावर मोझॅक विषाणूचे डाग खूप कमी झाले, हे खरं. ॲस्पिरिनचं सख्खं भावंड सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःच बनवतं. खालच्या पानाला लागण झाली की वरची पानं सावध होतात, त्यात त्याचा मोठा हात असतो. पण त्या तंबाखूत हा विषाणू ओळखणारं जनुक मुळातच होतं. सॅलिसिलिकचा भोंगा वाजवून पहारेकरी जागा होतो, नसलेला पहारेकरी जन्माला येत नाही.

'पुन्हा येत नाही' हे तर निव्वळ थाप. हा सावधपणा काही दिवसांनी ओसरतो, आणि सगळ्या रोगांवर सारखा चालतही नाही. केवड्याचा जंतू जिवंत पेशींवर जगतो, त्याला पेशीचं मरण महागात पडतं. राखाडी बुरशीला मेलेली पेशी म्हणजे आयतं ताट. तिच्याशी लढताना झाड मुख्यतः जास्मोनिक आम्ल या दुसऱ्याच भोंग्यावर विसंबतं, आणि सॅलिसिलिक वाढलं की बहुधा तेच दबतं.

राहिलं 'हवी तेवढी मारा'. जास्त मात्रेने पानं करपतात. प्रयोगशाळेत ज्या रोपांचा भोंगा जन्मापासून चालूच असतो, ती खुजी राहतात. सगळी कमाई पहाऱ्यावरच जाते.

गोळीचे पैसे बियाण्यात घाला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' टोमॅटो पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठीच काढलाय.