एडिनबरोची टांकसाळ: त्या फॉरवर्डमधलं किती खरं?

'१७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले आणि लंडनने त्याच दिवशी एडिनबरोची टांकसाळ बंद करून टाकली' असा एक मेसेज फिरतोय, तो चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका.

उलट दोन्ही देश एक करणाऱ्या करारातच, कलम १६ मध्ये, लिहिलंय की स्कॉटलंडमध्ये टांकसाळ चालू राहील, फक्त नियम इंग्लंडच्या टांकसाळीचे. आणि झालंही तसंच. जुनी स्कॉटिश चांदीची नाणी गोळा करून वितळवली आणि नवीन पाडली, त्यावर राणी ॲनच्या चित्राखाली 'ई' अक्षर आहे, म्हणजे एडिनबरो. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख तेव्हा आयझॅक न्यूटन, हो तोच! तो स्वतः गेला नाही, डेव्हिड ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाला देखरेखीला पाठवलं.

आता पैशाचं, कारण मेसेजमध्ये 'सगळा खर्च स्कॉटिश लोकांच्या माथी' असंही आहे. नाणी बदलताना लोकांचं जे नुकसान होईल ते करारानुसार इंग्लंडने स्कॉटलंडला द्यायच्या ३,९८,०८५ पौंडांमधून आधी भरायचं असं कलम १५ सांगतं, आणि १७०८ च्या कायद्याने दोन्ही टांकसाळींच्या खर्चाची तरतूद केली, आयात दारूवरच्या करातून वगैरे.

१७०९ नंतर एडिनबरोत नाणी पाडणं थांबलं हे मात्र खरं, आणि वाईटही वाटतं, कारण टांकसाळीतली पदं कागदावर १८१७ पर्यंत राहिली पण काम काहीच नाही. तक्रार करायचीच तर याची करा, १७०७ ची नको.