लग्नसराईत परदेशी फ्लॅश मागवण्याची शास्त्रोक्त पद्धत

तुळशीचं लग्न लागलं आणि दोन-तीन लग्नांचा इसार खिशात पडला, की मगच फ्लॅश मागवावा. पावसाळ्यात, हातात चार महिने असताना मागवला तर तो वेळेवर येऊन पडण्याचा धोका असतो. त्याहूनही पक्का मुहूर्त हवा असेल तर जानेवारी संपायची वाट पाहा. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं. तेव्हा कारखाना बंद, गोदाम बंद, चॅटवर उत्तर देणाराही गावी गेलेला. फक्त पैसे घेणारं पान तेवढं चालू असतं. माघातलं लग्न उरकून पाहुणे घरी पोचले, की तुमचं पार्सल शेन्झेनहून निघतं.

नागपूरला बर्डीवर तोच फ्लॅश हातात मिळतो, तिथेच कॅमेऱ्यावर चढवून दोन फोटो काढून पाहता येतात, पक्कं बिल मिळतं, बिघडला तर घेऊन जायला काउंटर असतं. या सगळ्यात तुमचे हजार-दोन हजार जास्त जातात. ते वाचवायचे आहेत, हे पुढचं वाचताना एक क्षणही विसरू नका.

विक्रेत्याच्या पानावर सगळ्यात ठळक आकडा गाइड नंबरचा असतो. तेवढाच पाहा, शेजारचं बारीक अक्षर डोळ्यांना त्रास देतं. गाइड नंबर म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० असताना उजेड पोचतो ते मीटरमधलं अंतर गुणिले ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा एफ आकडा). आकडा ६० असेल तर एफ ५.६ ला साडेदहा मीटरवरचा नवरदेव नीट उजळला पाहिजे. बारीक अक्षरात एवढंच लिहिलेलं असतं की हा आकडा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम केल्यावरचा आहे, म्हणजे सगळा उजेड एका निमुळत्या झोतात दाबून बसवल्यावरचा. गोडॉक्सचा टीटी६०० आपले ६० सांगतो ते २०० मिमीच्या लेन्सइतक्या झूमवर, योंगनुओचा वायएन५६० फोर ५८ सांगतो ते १०५ मिमीवर. ६० हे ५८ पेक्षा मोठे, विषय संपला. कुठल्या मिमीवर, हे विचारणारा माणूस खरेदी करूच शकत नाही.

मंडपात तुम्ही २०० मिमीवर उभे राहणार नाही, मागे आचाऱ्याची भट्टी असते. तिथे काम २४ ते ३५ मिमीचं. कॅननच्या ५८०ईएक्स टूचा गाइड नंबर १०५ मिमीवर ५८ आणि ३५ मिमीवर ३६, हे कंपनीनेच छापून दिलेलं आहे. ३६ भागिले ५.६ म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर. वरून उजेड मऊ करणारी छत्री लावली की आणखी एक-दीड स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). काही धोरणी विक्रेते आकडा फुटात देतात, मग ६० चे १९७ होतात. काही आयएसओ २०० ला मोजतात, तिथे ४२ चा फ्लॅश आपोआप ६० चा होतो. पान जितकं रंगीत, तितका हा हिशेब मनातून काढून टाका. वधूपिता मागच्या रांगेतल्या काळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून विचारेल, "भाऊ, मामा कोठी गेला फोटोतला?" तेव्हा लेन्सला नाव ठेवायचं.

आता फ्लॅश कॅमेऱ्यावर चालेल का, हा प्रश्न. पानावर 'युनिव्हर्सल' लिहिलं असेल तर विश्वास ठेवा. एकाच मधल्या पिनेचा साधा मॅन्युअल फ्लॅश कुठल्याही हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) चालतो, हे खूप वर्षं खरं होतं. मग कॅननने २००डी टू आणि ३०००डीच्या हॉट शूवरून मधला मोठा संपर्कबिंदूच काढून टाकला, १५००डीच्या काही प्रतींवरही तो नाही. हे नेमके आपल्या तालुक्यांत नवशिक्यांच्या हाती दिसणारे कॅमेरे. त्यांवर हा फ्लॅश शूमध्ये छान बसतो, टेस्टचं बटण दाबलं की ढणढणीत पेटतो, आणि शटर दाबलं की शांत. त्याच पिनेवर चालणारे, फ्लॅश दुरून पेटवणारे स्वस्त रेडिओ ट्रिगरही तसेच शांत. काही टीटीएल (कॅमेरा स्वतःच फ्लॅशचा उजेड मोजतो ती पद्धत) ट्रिगर नवं फर्मवेअर टाकल्यावर या कॅमेऱ्यांवर चालतात, पण ते महाग. मागवण्याआधी हॉट शूच्या मध्यावर वाटाण्याएवढा धातूचा ठिपका आहे की नाही हे पाहायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद वाचवा.

सोनीवाल्यांसाठी वेगळी सोय आहे. २०१२ पासून सोनीने शू बदलला, त्याआधीचा मिनोल्टाच्या काळातला शू निराळा. पानावर नुसतं 'सोनीसाठी' लिहिलेलं असतं. कुठल्या सोनीसाठी, हे पार्सल उघडल्यावर कळतं.

जुन्या वस्तूंची हौस असेल तर परदेशातला चाळीस वर्षांपूर्वीचा फ्लॅश लिलावात घ्या. त्यातल्या काहींच्या पायाशी ट्रिगरचा दाब २५० व्होल्टच्या आसपास असतो, तर कॅननचे जुने डिजिटल कॅमेरे ६ व्होल्टच्या हिशेबाने बनलेले. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधला बिंदू आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये मल्टिमीटरचे दोन टोक लावले, डीसीवर, तर आकडा लगेच दिसतो. गावातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडे मल्टिमीटर असतोच. त्याला कशाला उगाच त्रास द्यायचा? कॅमेरा हेही एक मोजायचं यंत्रच आहे, फक्त ते एकदाच मोजतं.

सेल सोबत फुकट येत असतील तर सोन्याहून पिवळं. निकेल मेटल हायड्राइडच्या एए सेलमध्ये २७०० एमएएचच्या वर फारसं काही मावत नाही. म्हणून ३८०० लिहिलेले निवडा. खरा २५०० चा सेल साधारण ३० ग्रॅम भरतो, थोतांड सेल बराच हलका. सोनाराचा काटा हाकेच्या अंतरावर असला तरी तिकडे जाऊ नका. सेलमध्ये दम नसला की पूर्ण ताकदीच्या एका फ्लॅशनंतर पुन्हा तयार व्हायला तीन-चार सेकंदांऐवजी दहा-बारा लागतात. तोवर भटजींचं 'सावधान' होऊन जातं. अक्षता हवेत दोन सेकंदही थांबत नाहीत. पुढच्या फोटोत त्या सगळ्यांच्या केसांत असतात, तोही क्षण मोलाचाच. पूर्ण ताकदीऐवजी एक अष्टमांशवर ठेवून आयएसओ ८०० केला असता तर फ्लॅश सटासट पेटला असता, पण मग ६० चा आकडा विकत घेतला कशाला?

लिथियम बॅटरीचा फ्लॅश घेत असाल तर पेटी नीट चाचपा. हवाई टपालात सुट्या लिथियम बॅटऱ्यांवर कडक बंधनं आहेत, म्हणून कधीकधी फ्लॅश येतो आणि बॅटरी येत नाही. ती अमुक मॉडेलचीच लागते, आणि यवतमाळपासून वणीपर्यंत कुठल्याही मोबाइलवाल्याकडे मिळत नाही, याची खात्री बाळगा.

रेडिओ ट्रिगर सगळ्यात स्वस्त पाहून घ्या, ४३३ मेगाहर्ट्झवाला. त्याच्या ट्रान्समीटरात २३ए नावाचा १२ व्होल्टचा बुटका सेल लागतो. किराणा दुकानात तो नसतो, जुन्या बाइकच्या अलार्म रिमोटात असतो, म्हणून वरातीत कोणाकडे असा रिमोट आहे ते आधीच हेरून ठेवा. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या पुढे न्या, म्हणजे फोटोच्या खालच्या बाजूला काळी पट्टी येते. पट्टीवर वधू-वरांची नावं टाकता येतात.

ट्रिगरही नको असेल तर फ्लॅशमधला एस वन हा ऑप्टिकल स्लेव्ह लावून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही फ्लॅशचा झोत दिसला की हा पेटतो. मंडपात वरपक्षाचा फोटोग्राफर वेगळा आणि वधूपक्षाचा वेगळा असतो, त्यामुळे तुमचा फ्लॅश रात्रभर त्याच्या फोटोंसाठी राबतो आणि तुमच्या वेळी थकलेला असतो. समोरच्याचा फ्लॅश टीटीएलवर असेल तर आधीची बारीक चमक पाहूनच तुमचा उडून जातो. तेवढ्यासाठीच एस टू दिलेला असतो. उन्हात दोन्ही आंधळे.

उजेड छतावर आपटून मऊ करायचा, असं सगळीकडे शिकवतात. आपलं लग्न शाळेच्या पटांगणात, वर चांदणं. तरीही डोकं वर करून फ्लॅश मारा, बगळ्यांना उजेड मिळतो. मंडप असलाच तर बिछायतवाल्याचा कपडा लाल-पिवळा. त्यावर आपटलेल्या उजेडात न लागलेली हळदही लागते.

स्टुडिओचे मोठे स्ट्रोब, म्हणजे घरच्या विजेवर चालणारे फ्लॅश, मागवताना व्होल्टेजचा रकाना रिकामा सोडा. रिकामा सोडला की ११० व्होल्टचा माल येण्याची शक्यता चांगली. प्लग आपल्या बोर्डात बसत नाही, मग दहा रुपयांचं कन्व्हर्टर घेऊन बसवायचाच. कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही, ही माहिती आवाजासह मिळते. माल २२० चा आला तरी निराश होऊ नका. संध्याकाळी पंप सुरू झाले की दाब पडतो आणि स्ट्रोब सावकाश भरतो. गावचा जनरेटर त्याला कधी कमी, कधी जास्त असा दोन्हीकडून पाजतो.

सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घेताना तो फ्लॅशला जोडायची रिंग कुठली ते विचारू नका. बहुतेक माल बोवेन्स पद्धतीच्या मापाचा असतो. ती ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं माप अजून जगभर चालतं. तुमच्या नशिबी नेमका दुसऱ्या मापाचा येईल, तार आणि चिकटपट्टी जवळ ठेवा. स्टँडच्या पायाशी पाच-सात किलो वाळूची पिशवी टांगली तर छत्री वाऱ्याने पडत नाही. वाळू नदीत भरपूर आहे, म्हणूनच ती आणायची कोणाला आठवण राहत नाही.

उन्हाळ्यातली लग्नं राहिलीच. ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. पूर्ण ताकदीचे वीस-तीस फ्लॅश लागोपाठ मारले की चांगला फ्लॅश स्वतःला आवरतो आणि काही मिनिटं गप्प बसतो. स्वस्तातल्या काहींमध्ये ती आवरणारी यंत्रणा नुसती पानावर असते. मग पुढचं प्लास्टिक तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येतो. भट्टीवर काहीतरी लागलं असेल म्हणून लोक तिकडे धावतात.

पैसे भरताना कार्ड चालणार नाही. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी व्यवहाराची सोय बँकेला सांगून चालू करून घ्यावी लागते. चालू झाली की बँक चलनबदलाचे दोन-तीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, ते किमतीत मोजू नका. अलीएक्सप्रेस हे चिनी खरेदीचं ॲप नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ४३ ॲप्समध्ये होतं, तरी दुबईतला आतेभाऊ कशासाठी असतो?

कस्टम्सपासून सुटायचं असेल तर विक्रेत्याला सांगा, 'किंमत पाच डॉलर लिही, वर गिफ्ट लिही'. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरने शुल्कमुक्त भेटवस्तू येत नाहीत. सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. तेव्हा फ्लॅशला रेशमी दोरा बांधून पाठवायला सांगायचं. शुल्क मालाच्या किमतीवर, वाहतूक आणि विमा धरून बसतं, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. कस्टम्सचा माणूस खरी किंमत नेटवर पाहतो आणि मोबाइल त्याच्याकडेही असतो. पाच डॉलर लिहिल्याचा उपयोग उलट्या बाजूने मात्र नक्की होतो, पार्सल हरवलं तर भरपाई कागदावरच्या पाच डॉलरचीच. ट्रिगर वायरलेस उपकरण असल्याने दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाला मंजुरी, आहे का, असंही विचारलं जाऊ शकतं. दरम्यान मोबाइलवर एक मेसेज येईल, 'तुमचं पार्सल अडकलं आहे, लिंकवर २५ रुपये भरा'. हाच एक मेसेज वेळेवर येतो. टपालाचं शुल्क टपाल कार्यालयात, पावती घेऊन भरलं जातं, पण लिंक उघडायची घाई कोणाला आवरते.

माल फुटका निघाला तर भांडू नका. विक्रेता लिहील, 'डिअर फ्रेंड, प्लीज वेट, टेन डेज मोअर'. तुम्हीही मायेने दहा दिवस थांबा, मग आणखी दहा. तक्रारीची मुदत नेमकी त्या माया-ममतेत संपते. पेटी उघडताना लेबलपासून फ्लॅश पेटेपर्यंतचा एकसलग, न कापलेला व्हिडिओ असला तर पैसे परत मिळण्याची आशा असते. तुम्ही दिवसाला हजार फोटो काढणारे, तुम्हाला कोण सांगणार व्हिडिओ काढा म्हणून? परत पाठवायचा म्हटलं तर टपालखर्च फ्लॅशच्या किमतीच्या जवळ जातो. विक्रेता तीन डॉलर देऊ करेल, ते घेऊन पाच तारे द्या.

दुरुस्तीसाठी फ्लॅश उघडायची फार इच्छा होईल. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. या एका ठिकाणी मात्र आम्ही थट्टा करत नाही. उघडू नका.

उरतो विकण्याचा मार्ग. बरेच महिने पडून असेल तर विकण्याआधी सेल घालून चार-पाच वेळा चार्ज करा आणि कमी ताकदीवर मारा, पडून राहिलेला कपॅसिटर पहिल्याच दमात फुगू शकतो. जाहिरातीत गाइड नंबर फुटात लिहा, 'इम्पोर्टेड' लिहा, 'फक्त दोन लग्नं वापरलेला' लिहा. फोटो मोबाइलवर काढा, आणि ठिकाण म्हणून आपला तालुका सोडून दुसरा कुठलाही टाका.