पुरावा कोणी द्यायचा?

भाचा निर्दोष सुटला तेव्हा ताईने पेढे वाटले होते. पुढे पोलीस भरतीत त्याची निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीत कॉलेजातल्या मारामारीचा तोच गुन्हा पुन्हा वर आला. निकालपत्रात ‘संशयाचा फायदा देऊन’ असं लिहिलंय ना! म्हणजे सुटलास खरा, पण डाग ठेवूनच.

‘तुमच्या अमेरिकेत म्हणे अशी नोंद पुसून टाकतात,’ ताई फोनवर म्हणाली.

पुसतात, पण पुरावा देण्याचं ओझं कोणावर, ते राज्यागणिक बदलतं. इथे कॅलिफोर्नियात माझ्या एका मित्राला दुकानातल्या चोरीच्या संशयावरून पकडलं. रात्रभर कोठडी, दहा बोटांचे ठसे, आणि खटला दाखलच झाला नाही. त्याला वाटलं, विषय संपला. वकिलाने समजावलं, खटला झाला नाही एवढ्याने नोंद नष्ट होत नाही. मुळात तू गुन्हा केलास असं मानायला सबळ कारणच नाही, हे आधी तू दाखवायचंस. अर्ज पोलिसांकडे. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर तो फेटाळला असं समजायचं आणि कोर्टात जायचं! 2018 पासून सोपी वाट आहे, पण त्यात नोंद फक्त झाकली जाते. पोलिसांना ती दिसतेच.

पेनसिल्व्हेनियात उलट. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये वेक्सलर खटल्यात सांगितलं की सरकारने आरोप मागे घेतले असतील, तर नोंद का ठेवायची हे सरकारनेच पटवून द्यावं. मला हेच रास्त वाटतं. ज्याच्याकडे फाइल, त्यानेच कारण द्यावं.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. भारतातल्या 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार अटक झालेल्यांचे ठसे आणि मोजमापं 75 वर्षं ठेवता येतात. पण आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची. ठेवायची असतील तर न्यायालयाने लेखी कारण द्यायचं. ठशांना जो न्याय, तो चारित्र्य पडताळणीतल्या शेऱ्याला का नको? भाच्याने आणखी काय सिद्ध करायचं?

मित्राची नोंद अखेर नष्ट झाली. मग नागरिकत्वाचा अर्ज आला. त्यात प्रश्न: कधी अटक झाली होती का? पुसलेली असली तरी सांगा. त्याने ‘हो’वर खूण केली आणि कोर्टाच्या आदेशाची शिक्क्याची प्रत जोडली. आणखी दोन प्रती त्याने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यात, पासपोर्टाशेजारी.