बुडीत खात्यातली चांदी

समुद्राच्या तळातून काढलेलं स्पॅनिश नाणं घ्यायचं ठरवलंय म्हणता? उत्तम. फक्त घाई करा. आधी चार पुस्तकं चाळत बसलात तर पैसे उगाच शिल्लक राहतात.

नाव एकच लक्षात ठेवा : आतोचा. सप्टेंबर १६२२ मध्ये हवानाहून स्पेनला निघालेलं हे जहाज फ्लोरिडाच्या टोकाशी वादळात बुडालं, आणि मेल फिशर या खजिनाशोधकाच्या माणसांना १९८५ साली त्याचा मुख्य साठा सापडला. विकणाऱ्याने ‘आतोचा’ म्हटलं की पुढे काही विचारायचं नाही. नाण्यावर राजाचा चेहरा असला तरी. ‘आठ रिआल’ या चांदीच्या मोठ्या स्पॅनिश नाण्यावर चेहरा आला १७७२ पासून, म्हणजे आतोचा बुडून दीडशे वर्षं झाल्यावर. दोन खांब आणि खाली लाटा दिसल्या, तर ते दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या टांकसाळीचं १६५२ नंतरचं काम. पण एवढ्यातेवढ्यावरून कशाला कोणाचं मन मोडायचं?

आतोचावरचा खरा आठ रिआल दिसायला गबाळाच असतो. चांदीच्या पट्टीचा तुकडा पाडायचा, कडा कातरून वजन जुळवायचं आणि ठशावर ठेवून हातोडा हाणायचा. एका बाजूला राजचिन्हाची ढाल, तिच्या डावीकडे टांकसाळीचं आणि पारख्याचं, म्हणजे चांदीचा कस तपासणाऱ्याचं, अक्षर. दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याच्या चार घरांत किल्ले नि सिंह. पोतोसीत तारीख घालायला सुरुवातच १६१७ ला झाली, तीही काठावर, त्यामुळे बहुतेक वेळा ठशाबाहेरच गेलेली. म्हणून तुम्ही पूर्ण गोल, पूर्ण तारखेचं, सगळी अक्षरं ठळक असलेलं नाणं स्वस्तात मिळालं की लगेच उचला.

चेहरा हवाच असेल तर एक सरळ वाट आहे, पण ती तुमच्या कामाची नाही. वेराक्रूझहून न्यू ऑर्लिन्सला निघालेलं ‘एल कासादोर’ १७८४ मध्ये बुडालं आणि १९९३ साली मासेमारीच्या जाळ्यात सापडलं. त्यातली नाणी बहुतेक १७८३ ची, मेक्सिकोची, चेहऱ्यासकट, आणि परवडणारी. परवडणाऱ्या नाण्याची पाहुण्यांवर काय छाप पडणार?

त्याच १६२२ च्या जुलैत गोव्याला येणारं पोर्तुगीज जहाज ‘साव जुझे’ मोझांबिकजवळ डच-इंग्रजांच्या हल्ल्यात गेलं. त्यातही स्पॅनिश रिआलच होते, आणि ते आज बाजारात मिळतात. जे रिआल धडपणे सुरतेला पोचले त्यांतले बहुतेक टांकसाळीत वितळून रुपये झाले. तेव्हा आपल्या किनाऱ्याशी खरं नातं असलेलं नाणं हेच. पण त्याचं नाव कोणाला माहीत नाही, म्हणून सोडून द्या. ‘मर्सेडीस’ या बुडालेल्या स्पॅनिश जहाजावरचं मात्र कोणी ‘ओळखीतून’ देत असेल तर अवश्य घ्या. २००७ मध्ये वर काढलेला तो सगळा माल अमेरिकेतल्या कोर्टाच्या आदेशाने २०१२ साली स्पेनला परत गेला. तुमचा ओळखीचा माणूस किती वजनदार असेल बघा!

काटा मात्र घरात आणू नका. पॉइंट-झिरो-वन ग्रॅमचा काटा हजार-पाचशेला मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवायचं. नाण्याचं वजन भागिले काट्यावरचा आकडा म्हणजे घनता. त्या काळची चांदी १०.३ च्या आसपास येते. २६.४ ग्रॅमच्या नाण्याला २.५६ ऐवजी ३ दिसलं, तर हातात तांबं-निकेल आहे. खाऱ्या पाण्याने फार खाल्लेलं अस्सल नाणंही थोडं कमी भरतं, हे खरं. पण दोन मिनिटांत भ्रमनिरास करणारी वस्तू घरात हवीच कशाला?

आता साफसफाई. खाऱ्या पाण्यात चांदीचं क्लोराइड आणि सल्फाइड होतं. ढिगाच्या पोटातलं नाणं बरं राहतं, बाहेरचं झिजून निम्म्यावर येतं. अशा नाण्यावर ढालीच्या रेघा, पारख्याचं अक्षर, जे काही उरलेलं असतं ते बऱ्याचदा त्या काळ्या थरातच असतं. तेव्हा आधी तोच घालवा. दिवाळीची रांगोळी उरली असेलच. ओल्या फडक्यावर घेऊन निरांजन घासतात तसं घासा. पारखी गेला, चकाकी आली. शिंपल्यांचा चुना चिकटलेला असेल तर संडासातलं ॲसिड ओता. नाण्याच्या चांदीत मिसळलेलं तांबं निघून गेल्याने पडलेल्या बारीक भेगांत ते मुरतं, आणि काही महिन्यांनी हिरवे ठिपके वर येतात. सोडा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलची युक्ती जास्त सुसंस्कृत : सल्फाइडची पुन्हा चांदी होते, पण भुसभुशीत, अंगठा फिरवला की निघणारी.

इलेक्ट्रोलिसिस करायचंच ठरलं तर जोरात करा. जाणकार धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, स्टेनलेस स्टीलचा धन ध्रुव लावून, नाममात्र करंटवर दिवसच्या दिवस घालवतात, आणि नंतर डिस्टिल्ड वॉटर बदलत बसतात. करंट वाढवला की हायड्रोजनचे बुडबुडे थराला आतूनच ढकलून देतात, काम तासाभरात आटोपतं. वायरी उलट लागल्या तर नाणंच खाल्लं जातं. साफ करायला काही उरतच नाही.

राहिलं-साहिलं नाणं पीव्हीसीच्या मऊ पाकिटात घालून रबरबँड लावा. पाकीट चिकट, हिरवट पाणी सोडतं आणि रबरातलं गंधक काळा पट्टा उमटवतं. प्रमाणपत्र वेगळ्या फायलीत. त्यावर त्याच नाण्याचा फोटो असतो, काठाची प्रत्येक खोच जुळवून बघता येते, म्हणून दोन्ही एकत्र ठेवणं धोक्याचं. शेवटी पेंडंटसाठी वर एक भोक पाडा, तेही क्रूसाच्या बाजूने, बरोबर सिंहाच्या डोक्यात.

मग कधी विकायची वेळ आली तर गल्लीतला सराफ आहेच. काट्यावर टाकेल, घट कापेल, आणि पावतीवर लिहील : जुनी चांदी, मोड.