दगड विकणारा वेगळा, कापणारा वेगळा, तडा गेला की कुणीच नाही

माझा प्रश्न साधा आहे. ओट्याचा दगड तुमच्याकडून घेतला, तर तो कापणार कोण? बस्स, एवढंच. पण हा प्रश्न एखाद्या शोरूममध्ये विचारून बघा. समोरचा माणूस असा चेहरा करतो, जणू मी त्याच्या घरातल्या भानगडी उकरून काढतेय. "आपली टीम आहे ना मॅडम." कुठे असते टीम? "असते, असते. तुम्ही आधी कलर तर फायनल करा."

कलर! सगळं घोडं या कलरवर येऊन अडतं. घराचं काम काढलंय, जुना ओटा फोडून झालाय, सिंक बाल्कनीत उलटं पडलंय, आणि जिथे जावं तिथे माझ्यासमोर तळहाताएवढे चौकोनी तुकडे मांडले जातात. अहो, त्या तुकड्यावरून मला काय कळणार? नैसर्गिक दगडाची स्लॅब माणसापेक्षा मोठी असते. एका कोपऱ्यात ती राखाडी असते, दुसऱ्या कोपऱ्यात तिच्यावर तांबूस डाग असतात आणि मधून एक पांढरी शीर तिरकी गेलेली असते. नमुना नेमका सगळ्यात देखण्या जागेचा काढलेला असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पूर्ण स्लॅब दाखवा म्हटलं की "गोडाउनला आहे." गोडाउनला येते म्हटलं की "आज बंद आहे." आणि चिकाटीने गेलंच, तर स्लॅबा एकावर एक टेकवून ठेवलेल्या, आपल्याला हवी ती सगळ्यात मागे, आणि पुढच्या हलवायला माणूस जेवायला गेलेला.

एकदा मला आवडलेल्या स्लॅबच्या कडेला खडूने नंबर लिहिलेला दिसला. म्हटलं, हा नंबर बिलावर टाका. दुकानदार हसला. बिलावर लिहिलं काय, तर "ग्रे ग्रॅनाइट". म्हणजे उद्या माझ्या घरी कुठलाही करडा धोंडा आणून टाकला तरी बिल खरंच! आणि मी तक्रार केलीच, तर उत्तर तयार आहे: "मॅडम, नॅचरल स्टोन आहे, असं होणारच." या एका वाक्यावर हा अख्खा धंदा चाललाय. रंग वेगळा आला? नॅचरल आहे. भेग दिसतेय? नॅचरल आहे. जाडी कमी भरतेय? तेही बहुतेक निसर्गानेच केलं असावं.

भेगेचं ऐका. दगडात मुळातच शिरा असतात, काही रेषा जमिनीखालीच पडलेल्या असतात, हे मला मान्य आहे. पण अशा रेषेवरून नख फिरवलं तर ते सहसा अडकत नाही. खरा तडा असला की नख अडकतं. मी नख फिरवायला लागले तर विक्रेता म्हणतो, "हात लावू नका, पॉलिश जाईल." ज्या पॉलिशवर मी पुढची पंचवीस वर्षं भांडी आपटणार आहे, ते नखाने जाणार असेल तर ठेवा तुमच्याकडेच. स्लॅबच्या पाठीमागे जाळी चिकटवलेली होती, ती का लावलीय विचारलं, तर म्हणे "एक्स्ट्रा मजबुती". नाजूक दगड वाहतुकीत फुटू नये म्हणून जाळी लावतात, त्यात लबाडी काही नाही. पण मग तसं सांगा ना! दगड नाजूक आहे म्हणून जाळी लावलीय, हे उलटं फिरवून मलाच गुण म्हणून काय विकताय?

आणि काय एकेक थापा. ग्रॅनाइटवाला म्हणतो, डाग पडूच शकत नाही. अरे बाबा, दगडाला सूक्ष्म छिद्रं असतात, तेल मुरतं, म्हणूनच तर सीलर लावतात. फिकट ग्रॅनाइटवर थोडं पाणी टाकून काही मिनिटं थांबलं आणि ती जागा गडद झाली, की समजायचं हा दगड पितोय. मार्बलवाला म्हणतो, सीलर लावला की काही होत नाही. होतं. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, मोह्स काठिण्यमापनावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) 3, आणि आम्लाशी त्याचं मुळीच पटत नाही. लिंबाचा रस सांडला की चमक जाऊन पांढुरकी खूण उमटते. तो डाग नसतो, दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो, आणि सीलर ते थांबवू शकत नाही. क्वार्ट्झवाला सगळ्यांचा बाप. "गरम भांडं थेट ठेवा, काही होत नाही." त्याचा माल खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला; त्यात साधारण नव्वद टक्के वजन दळलेल्या क्वार्ट्झचं आणि उरलेलं बहुतेक रेझिनचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट मसाल्याचं. क्वार्ट्झ 7 काठिण्याचा, कबूल. पण ते रेझिन गॅसवरून उतरवलेल्या तव्याखाली काय गप्प बसणार आहे? पिवळं पडतं, कधी तडकतंही. खाली छापील पत्रकात बारीक अक्षरात "गरम भांड्याखाली स्टँड वापरा" असं लिहिलेलं असतं आणि वर हा माणूस ठासून सांगतो की ठेवा बिनधास्त!

क्वार्टझाइटच्या, म्हणजे खाणीतल्या कठीण नैसर्गिक दगडाच्या, नावाखाली मऊ मार्बल गळ्यात मारणारेही भेटले. खरा क्वार्टझाइट काचेवर ओरखडा काढतो, मार्बल काढू शकत नाही. मी पर्समधून काचेचा तुकडा काढला आणि म्हटलं, एक टाकाऊ तुकडा द्या, घासून बघते. त्या दुकानात त्या क्षणी एकही टाकाऊ तुकडा नव्हता. दगडाच्या दुकानात! काळ्या दगडाचंही तसंच. हलका करडा दगड रंग आणि तेल लावून काळाभोर करून विकतात, आणि पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घेऊन पुसलं की रंग फडक्यावर येतो. माझ्या फडक्यावर आला. "ती धूळ आहे." बरं. इतकी काळीकुळकुळीत धूळ फक्त तुमच्याच दुकानात पडते वाटतं.

या सगळ्यात आणखी एक ताप. प्रश्न मी विचारते, उत्तर नवऱ्याला दिलं जातं. तो बिचारा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असतो, त्याला ग्रॅनाइट आणि लादी यातला फरकही सांगता येणार नाही, पण विक्रेता त्याच्याकडेच वळून म्हणतो, "सर, ही 20 मिमी आहे, एकदम हेवी." मी पट्टी काढून कडेला लावली. सतरा भरली. तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं त्याने. "पॉलिशमध्ये थोडं जातं, मॅडम." तीन मिलिमीटर पॉलिशमध्ये गेले. आणि पुढून जाड दिसावं म्हणून कडेला खालून पट्टी चिकटवून देणार, तिचे पैसे वेगळे.

पैशांवर आलोच आहोत तर हिशेब बघा. दर स्क्वेअर फुटाचा सांगतात, पण मोजतात पूर्ण स्लॅब. सिंकची खिडकी कापून जो दगड बाहेर पडतो त्याचेही पैसे माझ्याकडून, आणि ती खिडकी कापण्याची मजुरीही माझ्याकडूनच. म्हणजे भोकाचे पैसे दोनदा! कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, नळाचं छिद्र नगावर, वाहतूक वेगळी, चढवणं वेगळं, बसवणं वेगळं. आणि उरलेला तुकडा? ज्याचे पूर्ण पैसे मी मोजले तो? "तो आमच्याकडेच राहतो, सिस्टिम आहे." कुणाची सिस्टिम? त्या तुकड्यात माझ्या बाथरूमच्या बेसिनखालचा दगडी कट्टा आरामात झाला असता. तो दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा विकला जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

तरी मी म्हणते, हे सगळं परवडलं. दगड बरा-वाईट निघाला तर निदान डोळ्यांना दिसतो. माझं डोकं फिरतं ते कापणाऱ्याच्या प्रश्नावर. कारण ओटा दगडावर ठरत नाही, कापणाऱ्यावर ठरतो. आणि नेमका तोच माणूस दाखवत नाहीत.

वहिनीच्या घरचं सांगते. दगड उत्तम, काळा, पक्का. हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या गॅस शेगडीसाठी, जी चौकट कापली तिचे आतले कोपरे गड्याने ग्राइंडरने सरळ काटकोनात मारले, वर घाईत पातं कोपऱ्याच्या पुढेही थोडं गेलं. दगडात आतला कोपरा गोल ठेवावा लागतो. टोकदार ठेवला की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. हॉबच्या पुढची पट्टी तर चार बोटं रुंद, सगळ्या ओट्यातली सगळ्यात कमकुवत जागा. पहिल्या उन्हाळ्यात कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली आणि तिरकी चालत पुढच्या कडेपर्यंत आली. दुकानदार म्हणाला, दगडाचा दोष नाही, कटिंगवाल्याला विचारा. कटिंगवाला म्हणाला, मी बरोबर कापलं, बसवणाऱ्याने खाली आधार दिला नाही. बसवणारा म्हणाला, कपाटंच लेव्हलमध्ये नव्हती, सुताराला विचारा. सुतार गावी गेलेला. आणि कंपनीची वॉरंटी? ती "उत्पादनातील दोष" एवढ्यालाच. कापलं, हलवलं, बसवलं, वापरलं की लागू नाही. आता न कापता, न हलवता, न बसवता ओटा कसा करतात, हे त्या वॉरंटीवाल्यांनी एकदा करून दाखवावं.

अजूनही ती रेघ तिथेच आहे. वर कुणीतरी येऊन काळी लुकण भरून गेला. ती लुकण दगडापेक्षा जास्त चमकते, त्यामुळे आता तडा लांबूनही दिसतो.

म्हणून मी विचारते, माप कोण घेणार? कधी घेणार? कपाटं बसल्यावर फर्मा, म्हणजे ओट्याच्या मापाचा साचा, काढून घेणार, की आत्ता फोनवर "लांबी सांगा, रुंदी सांगा" करून? कुठल्याही घराच्या भिंती सहसा पूर्ण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. फोनवरच्या मापाने कापलेला दगड भिंतीपाशी आला की एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला बोटभर फट, आणि मग त्या फटीत पांढरं सिलिकॉन कोंबायचं. सांधा कुठे येणार? सिंकच्या बरोबर मध्ये येणार असेल तर मला आत्ता सांगा, कारण तिथे दगड सगळ्यात कमी आणि पाणी सगळ्यात जास्त. आणताना स्लॅब उभी धरून आणणार की आडवी? 20 मिमी ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला 50 किलोच्या पुढे जातं, आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने मोडू शकते. या प्रश्नांना एका ठिकाणी उत्तर मिळालं, "तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात का?" नाही. मी पैसे देणारी बाई आहे. तेवढं पुरत नाही का?

आणि कापणार कुठे? "तुमच्याकडेच कापून देऊ, ताजं ताजं." म्हणजे माझ्या हॉलमध्ये कोरडा ग्राइंडर चालवून, तोंडाला रुमाल बांधलेल्या पोराच्या छातीत ती धूळ भरून. ही नुसती माझ्या पडद्यांची काळजी नाही. दगडाच्या बारीक सिलिका धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात, आणि क्वार्ट्झच्या कृत्रिम स्लॅबमध्ये सिलिका खूपच जास्त. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवण्यावर, विकण्यावर, कापण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. इथे मी "पाणी मारून कापता का?" एवढंच विचारलं तर म्हणे, "पाण्याने घर खराब होईल ना मॅडम." घर! त्या पोराचं काय?

इंटिरिअरवाल्याचं वेगळंच. "आपल्याच माणसाकडून घ्या, डोळे झाकून." डोळे झाकून का? उघडे ठेवून घेतलं तर कुणाचं कमिशन बुडतं? आणि नातेवाईक तर आहेतच. "इतकं काय त्यात, दगड तो दगड." ज्यांच्या स्वतःच्या ओट्यावर सिंकच्या मागे कायम पाणी साचतं, तेच हे सांगतात. मामींचा ओटा तर उतार चुकल्यामुळे पाणी सिंककडे न नेता थेट मिक्सरखाली नेतो, पण त्यांनाही तक्रार नाही. पोतेरं टाकून ठेवतात.

तर मी आता कलर बघणं बंद केलंय. दुकानात शिरल्याशिरल्या विचारते, तुमचा कटिंगचा कारखाना कुठे, मी येऊन बघू का, आणि माप घेण्यापासून बसवण्यापर्यंतची जबाबदारी एकाच बिलावर लिहून देता का? बहुतेक ठिकाणी इथेच चहा परत आत जातो. एक-दोघांनी पत्ता दिला, त्यातला एक पत्ता नुसत्या टेम्पो स्टँडचा निघाला. दुसऱ्या ठिकाणी खरंच पाण्यावर चालणारं मशीन होतं, आणि तिथला म्हातारा कारागीर म्हणाला, "कपाटं लागल्यावर बोलवा, त्याआधी मी मापाला येत नाही." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला नाही म्हणालं आणि मला बरं वाटलं. पण तो फक्त कापतो, दगड विकत नाही. आणि दगडवाले म्हणतात, बाहेरच्या माणसाकडून कापून घेतलंत तर आमची जबाबदारी नाही. जशी काही एरवी असते!

तोवर त्या शोरूमवाल्यांचे रोज मेसेज चालू आहेत. ऑफर आजच संपतेय, स्टॉक लिमिटेड आहे, सिंक फ्री. मी प्रत्येकाला तेच विचारते, कापणार कोण, ते नाव बिलावर लिहा. मेसेज वाचल्याची निळी खूण लगेच येते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, ऑफर आजच संपतेय.