मालक, आधी पगारपत्रक काढा

21 नोव्हेंबर 2025 ला चारही श्रम संहिता, म्हणजे कामगारांविषयीचे नवे केंद्रीय कायदे, लागू झाल्या. 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत आले. तेव्हापासून कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांचे मला फोन चालू आहेत. फाउंड्रीवाले, मशीनशॉपवाले, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच : "मॅडम, यातनं वाट काय?"

वाट काढून देणारे भरपूर आहेत. मला ते काम करायचं नाही. बेसिक कमी दाखवा, बाकी भत्त्यांत टाका, हा सल्ला गेली कित्येक वर्षं आमच्याच, सल्लागारांच्या धंद्यातल्या लोकांनी मालकांना दिला. आज त्याचंच ओझं मालकांच्या अंगावर आलंय.

हिशेबच मांडते. सुपरवायझरचा पगार 40 हजार. बेसिक 14 हजार, उरलेले 26 हजार घरभाडे आणि प्रवासभत्त्यात. वेतनाच्या नव्या व्याख्येत असे वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे वेतन झालं 20 हजार. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, काढतात शेवटच्या वेतनावर, वर्षाला 15 दिवसांची, 26 दिवसांचा महिना धरून. दहा वर्षं झालेल्या माणसाची रक्कम सुमारे 81 हजारांवरून 1 लाख 15 हजारांवर जाते. मागची सगळी वर्षंही नव्या आकड्यानेच मोजली जातात, आणि हे बऱ्याच मालकांच्या अजून लक्षातच आलेलं नाही. चाळीस माणसं असतील तर तरतूद आजपासून करायला हवी. माणूस निवृत्त होईल त्या दिवशी एवढा पैसा कुठून आणणार?

आणि हा पैसा त्या सुपरवायझरचाच होता, हे मी मालकांना तोंडावर सांगते. राग येतो काहींना. येऊ दे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागते. कुणी काम सोडलं की त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं, पुढच्या पगाराबरोबर बघू म्हणून चालणार नाही.

इन्स्पेक्टरची भीती मात्र थोडी कमी करा. चारांपैकी वेतन संहितेत खटला भरण्याआधी चूक सुधारायची संधी द्यावी लागते. तीच चूक पाच वर्षांत पुन्हा केली, तर ती सवलत नाही. म्हणून पहिल्याच वेळी नीट करून घ्या.

माझी खरी तक्रार सरकारशी आहे. दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपचा मालक स्वतःच लेथवर उभा असतो. त्याला संहितेची इंग्रजी कलमं कोण वाचून दाखवणार? प्रत्येक एमआयडीसीत महिन्यातून एक दिवस कामगार खात्याचा माणूस बसावा आणि मराठीत, समोर पगारपत्रक ठेवून समजावून सांगावं. एवढं झालं तर व्हॉट्सॅपवरच्या अर्धवट मेसेजवर कुणी विसंबणार नाही.

तोवर शनिवारी दुपारी माझ्याकडे या. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. येताना मागच्या महिन्याचं पगारपत्रक आणि प्रत्येकाची कामावर लागल्याची तारीख आणा. खरी तारीख.